पावसाच्या पाण्याच्या पिंपात अळ्या सापडल्या. सार्वजनिक आरोग्याचा पाठपुरावा कुठून शिकावा?

फुलेवाडीकर:

नमस्कार. मी कोल्हापुरात फुलेवाडी भागातल्या अठरा सदनिकांच्या एका इमारतीत राहते. गेल्या दोन वर्षांत आमच्या घरातल्या बऱ्याच सवयी बदलल्या. बाजाराला जाताना कापडी पिशव्या नेतो, भाजीची देठे-साले गच्चीवरच्या माठात कुजवून ते खत कुंड्यांना घालतो, भांड्यांना रिठ्याचे पाणी वापरतो आणि पन्हळीखाली ठेवलेल्या दोनशे लिटरच्या निळ्या पिंपात पावसाचे पाणी धरून तेच झाडांना देतो. हे पिंप माझ्या अभिमानाचा विषय होते. पाहुणे आले की त्यांना चहाच्या आधी गच्चीवर नेण्याची मला खोडच लागली होती.

यंदा आषाढात आशाताई आणि त्यांच्याबरोबर एक आरोग्य सेवक कंटेनर सर्वेक्षणासाठी, म्हणजे पाणी साठलेली भांडी तपासायला, आले. त्यांनी पिंपावरची फळी सरकवली, बॅटरीचा झोत पाण्यात सोडला आणि मला वाकून बघायला सांगितले. आधी काहीच दिसले नाही. मग पाण्याच्या पृष्ठभागाला उलट्या लोंबकळणाऱ्या, दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या बारीक अळ्या झोत लागताच वळवळत तळाकडे जाताना दिसल्या. "ताई, झाडांसाठी पाणी धरलंय ते चांगलंच केलंय, पण हितं डासांची शाळा भरलीया," असे आरोग्य सेवक हसत म्हणाले, आणि जाताना दाराच्या चौकटीजवळ खडूने तारीख लिहून गेले. पुढच्या पंधरवड्यात तळमजल्यावरच्या शाळकरी मुलाला डेंग्यू झाला. तो डास माझ्याच पिंपातला होता असे कुणी म्हणू शकत नाही, पण नव्हता असे मलाही म्हणता येत नाही, आणि त्या मुलाची आई जिन्यात भेटली की मला अजूनही अवघडल्यासारखे होते.

त्यानंतर मी आजूबाजूला नीट पाहू लागले. शेजारच्या रिकाम्या जागेत जुने टायर आणि नारळाच्या करवंट्या पडल्या आहेत, आणि रस्त्याच्या कडेचे चेंबर दर चार दिवसांनी तुंबून वाहते. मी प्रभागाच्या व्हॉट्सॲप गटावर तक्रार केली. तिथे अंगठ्याची चित्रे आली आणि धूर फवारणीची गाडी पाठवतो असे उत्तर मिळाले. गाडी आली, गल्लीभर धूर झाला, मुले तिच्यामागे धावली आणि आठवडा उलटण्याआधी डास होते तितकेच झाले.

माझे विचारणे असे आहे की, घरातल्या पर्यावरणपूरक सवयींच्या पुढे जाऊन सार्वजनिक आरोग्यासाठी रीतसर पाठपुरावा करायचा असेल, तर तो शिकावा कसा? त्यासाठी अभ्यासक्रम असतो का, की हे करता करताच येते? आणि सवयी बदलताना आणखी कुठे माझी अशीच फसगत होत असेल?

निवृत्त आरोग्य सेवक, करवीर:

ताई, मी या कामात तीस वर्षे घालवली आहेत, त्यामुळे पहिल्यांदा तुमच्या पिंपाविषयीच लिहितो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घाण पाण्यात सहसा अंडी घालत नाही. त्याला साठवलेले, तुलनेने स्वच्छ पाणी लागते. म्हणूनच नीटनेटक्या, झाडे लावणाऱ्या, पाणी वाचवणाऱ्या घरांत तो हमखास सापडतो. मादी अंडी पाण्यात न घालता पाण्याच्या रेषेच्या थोडे वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते, आणि ती अंडी कोरड्यात काही महिने टिकून पुन्हा पाणी चढले की फुटतात. पिंप उपडे करून पाणी ओतून दिले म्हणजे काम झाले, असा लोकांचा समज असतो. आतली बाजू काथ्याने किंवा खरखरीत ब्रशने घासली नाही, तर पुढच्या सरीला पुन्हा तीच कहाणी सुरू होते. अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला, म्हणजे सगळी भांडी रिकामी करून सुकवायला, आम्ही सांगतो. त्यामागे एवढेच गणित आहे. पिंप टाकून देऊ नका. तोंडावर फळीऐवजी बारीक जाळी ताणून दोरीने घट्ट आवळा, कारण फळीच्या फटीतून डास सहज जातो, आणि पाणी आठवड्याच्या आत झाडांना संपवून टाका. मोठी टाकी रिकामी करणे शक्य नसेल, तर आरोग्य केंद्रात अळ्या खाणारे गप्पी मासे मागा.

आता धुराची गाडी. नोकरीत असताना हे उघड बोलता येत नव्हते, पण धुरळणीने मरतो तो त्या क्षणी उडणारा डास. टायरमधल्या अळीला धुराचा पत्ताही लागत नाही. त्या धुरात कीटकनाशक बहुधा डिझेलमध्ये मिसळलेले असते. साथ पेटलेली असताना रुग्णाच्या घराभोवती तिचा उपयोग आहे, एरवी ती लोकांचे समाधान करण्यासाठी फिरते, कारण लोक तीच मागतात आणि ती मागणी पुरी करणे सर्वांत सोपे असते. तुम्हाला पाठपुरावा शिकायचा आहे ना, मग पहिला धडा हाच समजा की मागणी चुकीची असेल तर ती मान्य होऊनही हाती काही लागत नाही.

दुसरे म्हणजे, आम्ही घरोघर करतो ते सर्वेक्षण तुम्ही तुमच्या इमारतीत स्वतः करा. किती घरे तपासली आणि त्यांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या, याचे शेकडा प्रमाण म्हणजे हाऊस इंडेक्स. शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, तो ब्रेटो इंडेक्स. एक वही, एक बॅटरी आणि रविवारची सकाळ एवढे पुरते. फ्रिजच्या मागचा ट्रे, तुळशीखालची ताटली आणि कूलर पाहायला विसरू नका. सलग चार रविवार नोंद ठेवा आणि मग वही घेऊन आरोग्य विभागात जा. तिथला माणूस त्याच भाषेत रोज अहवाल लिहीत असतो, त्यामुळे तुमचे म्हणणे त्याला ऐकावेच लागते.

इचलकरंजीचा रहिवासी:

वरचे उत्तर वाचून मला २०१२ सालचा उन्हाळा आठवला. त्या वर्षी आमच्या गावात काविळीची मोठी साथ आली होती आणि माणसे दगावली होती. ती हेपॅटायटिस ई या विषाणूची कावीळ होती, जी मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून पसरते आणि गरोदर बायकांच्या, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतते. आमच्या घरी माझा थोरला भाऊ सव्वा महिना अंथरुणावर होता. पंचगंगेच्या प्रदूषणाविषयी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण नदीला आलेला फेस हा नदीचा प्रश्न आणि भावाचे पिवळे डोळे हा डॉक्टरांचा प्रश्न, अशी आमच्या डोक्यात सरळ वाटणी होती. ती त्या उन्हाळ्यात मोडली.

तुम्ही फसगतीविषयी विचारले आहे, म्हणून पिण्याच्या पाण्याबद्दल दोन गोष्टी सांगतो. गॅस वाचवायचा म्हणून पाणी उकळणे बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. साथीच्या दिवसांत ती काटकसर अंगलट येते. उलट्या बाजूला, घराघरांत बसवलेली आरओ यंत्रे आहेत. विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल, तर भारतीय मानकानुसार ते पाणी पिण्यास स्वीकारार्ह असते आणि त्याला आरओची गरज नसते. घरगुती आरओ मात्र जितके पाणी शुद्ध करून देते, त्याहून जास्त बहुतेक वेळा मोरीत सोडते. नदीच्या पाण्यात मुख्य भीती जंतूंची असते, आणि त्यांच्यासाठी उकळणे किंवा साधा अतिनील किरणांचा फिल्टर पुरतो. क्षार मोजायचे पेनासारखे यंत्र थोडक्यात मिळते. आधी ते घ्या आणि मग आरओचा विचार करा.

पण हे सगळे आपल्या स्वयंपाकघरापुरते झाले. खरा प्रश्न नळापर्यंत काय येते हा आहे. पाणी शुद्धीकरण केंद्रातून चांगले निघाले, तरी वाटेत गळकी जलवाहिनी गटाराशेजारून जात असेल आणि पुरवठा काही तासच असेल, तर नळ बंद असताना बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणून शेवटच्या घराच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा लागतो. त्यासाठी करतात ती ओटी टेस्ट फार सोपी आहे: काचेच्या नळीत पाणी घेऊन द्रावणाचे थेंब टाकायचे आणि येणारा पिवळा रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. रंग आलाच नाही, तर समजावे की आपल्या गल्लीत पोहोचेपर्यंत क्लोरीन संपला आहे.

मी एका कार्यालयात तीन वेळा तोंडी चौकशी केली आणि तिन्ही वेळा "पाणी एकदम चांगलं आहे" हेच ऐकले. चौथ्या वेळी माहितीच्या अधिकारात अर्ज दिला. २००५ च्या कायद्यानुसार ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते, शुल्क १० रुपये असते, आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, तोही साधारण १५० शब्दांत मांडावा लागतो. ही शब्दमर्यादा मला आधी अन्यायाची वाटली होती. प्रत्यक्षात तिनेच मला नेमका प्रश्न विचारायला शिकवले. "पाणी दूषित का आहे?" असे विचारले तर कुणी उत्तर देत नाही. मी फक्त मागील सहा महिन्यांत आमच्या भागातून घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यांच्या तारखा, ठिकाणे आणि निकाल यांच्या प्रती मागितल्या. उत्तर सत्ताविसाव्या दिवशी आले, आणि त्यात आमच्या गल्लीचे नाव कुठेच नव्हते. नमुना वाईट निघाला नव्हता. तो घेतलाच गेला नव्हता. त्यापुढचा सगळा पाठपुरावा मी त्या एका रिकाम्या जागेवर उभा केला.

या काविळीची लक्षणे दूषित पाणी पोटात गेल्यानंतर दोन ते दहा आठवड्यांनी दिसतात. त्यामुळे रुग्ण सापडल्यावर घेतलेला पाण्याचा नमुना अगदी स्वच्छ निघू शकतो. "आमचा अहवाल चांगला आहे" असे कुणी सांगितले, तर त्याची तारीख विचारायला विसरू नका.

सामाजिक आरोग्याची शिक्षिका:

या कामाला आपल्याकडे काही संस्था जनवकिली म्हणतात. मला स्वतःला पाठपुरावा हाच शब्द जास्त आवडतो, कारण त्यात चिकाटी आहे. जनजागृती आणि पाठपुरावा यांत मात्र फरक करायला हवा. "साचलेले पाणी काढा" असा फलक लावणे ही जनजागृती झाली. ज्या अधिकाऱ्याच्या सहीने रिकाम्या जागेच्या मालकाला नोटीस निघते, त्याच्याकडून ती सही मिळवणे हा पाठपुरावा झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८६ च्या ओटावा जाहीरनाम्यात आरोग्य संवर्धनाची तीन कामे सांगितली आहेत: आरोग्याची बाजू मांडणे, लोकांना समर्थ करणे आणि वेगवेगळ्या हितसंबंधांत मध्यस्थी करणे. तुम्हाला यातले तिसरे सर्वांत जड जाईल, कारण त्या जागेचा मालक कदाचित तुमच्या ओळखीचा निघेल.

वर्गात मी डॉ. जॉन स्नो यांचे उदाहरण नेहमी देते. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात पटकीने (कॉलऱ्याने) सहाशेहून अधिक माणसे मेली. मृत्यू कुठल्या घरांत झाले आणि ती माणसे कुठले पाणी पीत होती, याची चौकशी स्नो दारोदार फिरून करत होते. ७ सप्टेंबरच्या संध्याकाळी ते त्या भागाचा कारभार पाहणाऱ्या पालक मंडळापुढे गेले. लंडन स्वच्छ करा, असे त्यांनी सांगितले नाही. ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाचा दांडा काढा, एवढेच मागितले. पटकी दूषित पाण्यातून पसरते हा त्यांचा सिद्धान्त बऱ्याच जणांना पटला नव्हता, तरी दुसऱ्या दिवशी दांडा निघाला. साथ तोवर ओसरायला लागली होती, हेही मी मुलांना सांगते, कारण दांड्याच्या गोष्टीला फार चमत्काराचा मुलामा चढला आहे. तिथे शिकण्यासारखी आहे ती मागणीची बेताची लांबी-रुंदी.

आपल्या कोल्हापुरात मोर्चा कसा काढावा हे कुणाला शिकवावे लागत नाही. टोलच्या आंदोलनाने ते साऱ्या महाराष्ट्राला दाखवले. आरोग्याच्या बहुतेक मागण्यांना मात्र मोर्चा लागत नाही, योग्य टेबल लागते. तुमचा प्रश्न शहरातला असल्याने महापालिकेचा आरोग्य विभाग आणि तुमच्या भागाचे नागरी आरोग्य केंद्र ही पहिली दोन ठिकाणे. शहरी आरोग्य अभियानात ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती असते; ती मुख्यतः वस्त्यांमध्ये असते, पण तुमच्या आशाताईंना जवळची समिती ठाऊक असेल. खेड्यातल्या वाचकांसाठी सांगते की, तिथे ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते आणि तिला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंतचा अबंधित निधी, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्च करता येणारा पैसा, मिळू शकतो. तो कशावर खर्च झाला, हे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांत विचारता येते. महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख झाली. गावकऱ्यांनी आरोग्य केंद्रांची प्रगतिपत्रके भरली आणि ती जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ठेवली. त्या कामाचे मराठी साहित्य मिळवून वाचा. अभ्यासक्रमच हवा असेल, तर केंद्र सरकारच्या स्वयम् व्यासपीठावर सार्वजनिक आरोग्याचे वर्ग विनाशुल्क ऐकता येतात, फक्त परीक्षेला शुल्क असते. पण आधी चार रविवार वही भरा आणि मग वर्ग ऐका. उलट क्रमाने केले, तर सगळे कोरडे वाटेल.

गंगावेशीतला खाद्यविक्रेता:

फसगतीची यादी करत असाल, तर माझीही एक लिहून घ्या. २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी आली, तेव्हा मी मोठ्या उत्साहाने पातळ पिशव्या बंद केल्या आणि गरम भजी, वडे वर्तमानपत्राच्या कागदात बांधून देऊ लागलो. गिऱ्हाईकही खूश होते. मग एका ओळखीच्या डॉक्टरांनी तेलकट कागद उजेडात धरून दाखवला: अक्षरे वड्यावर उलटी उमटली होती. छपाईच्या शाईत शिसे आणि इतर घातक द्रव्ये असू शकतात, म्हणून अन्न सुरक्षेच्या नियमांत वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ गुंडाळायला मनाई आहे, हे मला तेव्हा कळले. आता पानांचे द्रोण वापरतो आणि डबा घेऊन येणाऱ्याला एक भजे जास्त घालतो.

एवढेच सांगतो की, फक्त दुकानदाराला दंड करून हे सुटत नाही. आमच्या ओळीतल्या नऊ गाड्यांनी मिळून द्रोण घाऊक घेतले, तेव्हा ते परवडले. एकट्याला परवडत नव्हते. रात्री गाडे बंद करताना केरकचरा पेटवून द्यायची सवयही त्याच वेळी मोडली. २०१६ च्या घनकचरा नियमांत उघड्यावर कचरा जाळायला बंदी होती, आणि हवेची गुणवत्ता मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या यादीत आपले कोल्हापूर आहे, हे आम्हाला कुणी तोवर सांगितले नव्हते.

फुलेवाडीकर:

सर्वांची मनापासून आभारी आहे. उत्तर द्यायला सव्वा महिना लागला, कारण आधी वही भरायची असे ठरवले होते. अठरांपैकी सोळा घरांनी दार उघडले. पहिल्या रविवारी पाच घरांत मिळून सात भांड्यांत अळ्या सापडल्या: तीन फ्रिजचे ट्रे, दोन कुंड्यांखालच्या ताटल्या, एक वापरात नसलेले मत्स्यपात्र आणि एक उघडा माठ, जो माझ्याच शेजारणीचा होता आणि त्यावरून दोन दिवस अबोला झाला. म्हणजे हाऊस इंडेक्स ३१ आणि ब्रेटो इंडेक्स ४४. चौथ्या रविवारी फक्त एका घरात एक ट्रे निघाला. तळमजल्यावरचा तो मुलगा आता बॅटरी धरायला माझ्याबरोबर येतो आणि अळी दिसली की माझ्या आधी ओरडतो.

शेजारची जागा मात्र जशीच्या तशी आहे. आरोग्य विभागासाठी मी अर्जाचा मसुदा केला आहे: "आमच्या परिसरात डासांचा प्रचंड उपद्रव झाला असून, शेजारील मोकळ्या जागेतील कचरा आणि तुंबणारे चेंबर यांमुळे नागरिकांच्या आरोग्यास धोका निर्माण झाला आहे. तरी डासांच्या या प्रचंड उपद्रवाबाबत तातडीने योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती." यात काही सुधारणा सुचवाल का?

निवृत्त आरोग्य सेवक, करवीर:

ताई, "प्रचंड उपद्रव" दोनदा आला आहे, दोन्ही काढा. त्या जागी टायर किती, करवंट्या अंदाजे किती, त्यांपैकी किती टायरांत अळ्या दिसल्या आणि कोणत्या तारखेला, ते लिहा. भिंतीवरून वाकून मोजायचे धाडस करू नका; आशाताईंना बरोबर घेऊन जागेत जा, म्हणजे नोंदीला साक्षीदारही मिळेल. चार रविवारांचा तक्ता जोडा, कारण इमारतीने स्वतःचे काम केले आहे हे त्यातून दिसते आणि "आधी तुमच्या कुंड्या बघा" असे म्हणायला जागा उरत नाही. "योग्य ती कार्यवाही" ऐवजी "जागेच्या मालकास टायर व करवंट्या हटवण्याची नोटीस द्यावी" असे लिहा. योग्य ती कार्यवाही म्हणजे पुन्हा धुराची गाडी येईल.

चेंबर या अर्जातून पूर्ण काढून टाका. चेंबरच्या घाण पाण्यात होतो तो क्युलेक्स डास, त्याचा डेंग्यूशी संबंध नाही, आणि तो विषय ड्रेनेज विभागाचा आहे. दोन्ही एका कागदावर आले, की कागद दोन टेबलांमध्ये फिरत राहतो. त्याचा अर्ज वेगळा करा, आणि दोन्हींच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठू नका.